जाऊबाईंचं औषध

कोराडी
९ डिसेंबर २०२४

ती. जाऊबाईंस,
सा. न.

तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मोबाईलवर आलेलं तुम्ही शेजारच्या नूपुरकडून वाचून घेता. म्हणून पत्र लिहिते आहे. ते तुम्ही एकटीनेच वाचावं. ऋषीच्या हातीही दिलेलं नाही, स्वतः पोस्टात टाकणार आहे.

ह्यांना जाऊन पाच आठवडे झाले. ह्यांच्या ऑफिसला दवाखान्याचे कागद द्यायचे आहेत म्हणून ऋषीने फाईल आणून ठेवली. मी ती वाचली. बरंचसं कळलं नाही. पण एका पानावर लिहिलं आहे की रुग्ण वर्षभरापासून इन्सुलिनवर होता आणि ते तीन दिवस बंद राहिल्यामुळे रक्तातलं आम्ल वाढलं. हे डॉक्टरांना ह्यांनीच सांगितलं असणार. भरती करताना मी बाहेर सह्या करत होते. नंतर डॉक्टरांनी मला विचारलं, इन्सुलिन कोणत्या दिवशी बंद केलं? मी म्हटलं, हे इन्सुलिन कधी घेतच नाहीत, फक्त गोळ्या घेतात. डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं ते घाईत दुसऱ्याच रुग्णाबद्दल विचारत आहेत.

आता त्या डब्याबद्दल. गेल्या वर्षापासून दर शनिवारी संध्याकाळी आमच्या फ्रिजमध्ये एक निळा डबा यायचा आणि सोमवारी जायचा. आत दोन पेनांसारखी इंजेक्शनं. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा हे म्हणाले, वैनीचं औषध आहे, तिच्या फ्रिजचा भरवसा नाही, सुट्टीत वीज गेली तर खराब होईल. ह्यांचं ऑफिस शहरात गेल्यापासून हे रोज आठच्या बसने निघून आधी सक्करदऱ्याला तुमच्याकडे येत आणि मग कामावर जात, तेव्हा मी त्यावर विश्वास ठेवला. या दिवाळीत चार दिवसांची सुट्टी होती म्हणून डबा बुधवारीच आला. नरकचतुर्दशीला सकाळी हे आंघोळीला गेले असताना मी तो ऋषीबरोबर तुमच्याकडे पोचता केला.

मला एवढंच कळवा. ते औषध तुमचं होतं की ह्यांचं?

तुमचं असेल तर प्रश्न मिटला. ह्यांचं असेल, तर तो डबा माझ्या मुलाने आपल्या हाताने घरातून नेला आहे, आणि हे त्याला माहीत नाही. तुमचं उत्तर येईपर्यंत तुम्ही त्याच्याशी या विषयावर एक शब्द बोलू नये ही विनंती.

शामला


सक्करदरा, नागपूर
१७ डिसेंबर २०२४

चि. शामलास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, ओळीखाली उतरत जाणारं. माझ्या वर्गात असतीस तर मी सुधारून घेतलं असतं.

डबा माझाच होता. मला शुगर आहे हे तुलाही माहीत आहे. माझा फ्रिज जुना, इकडे वीज केव्हाही जाते, म्हणून मनोहर सुट्टीत डबा घेऊन जायचा. दवाखान्याच्या कागदांवर फार जाऊ नये. चार रुग्णांचं एकमेकांत लिहिलं जातं. माझ्या शाळेत हजेरीत होत असे तसं.

तू विचार करत बसू नको. मनोहर लहानपणापासून नाजूक. मी लग्न होऊन त्यांच्या घरी आले तेव्हा तो आठ वर्षांचा होता, आई नसलेला, आणि वर्षातले दोन महिने अंथरुणावर. आमचे हे, गिरिधर, म्हणायचे, हा भाऊ नाही, औषधाची बाटली आहे. त्याला काय मानवतं ते मला ठाऊक होतं. तुझ्याकडे सहा वर्षं त्याने कारल्याचा रस घेतला, भात वाटीने मोजून खाल्ला, आणि शर्ट नुसता खुंटीवर टांगल्यासारखा दिसायला लागला. इथे सकाळी गरम ज्वारीची भाकर आणि भाजी खाऊन जायचा. वर्षभरात अंग भरलं की नाही ते तूच सांग.

ऋषी रविवारी आला होता. तीन भाकरी खाल्ल्या. म्हणाला, मोठी आई, घरी जेवन जात नाही. त्याला जेवताना पाहिलं की मला मनोहरच दिसतो. त्याला येत जाऊ दे.

तुझी
पुष्पलता


कोराडी
२ जानेवारी २०२५

ती. जाऊबाईंस,
सा. न.

तुम्ही मला खोटं लिहिलं.

तुमचं पत्र आल्यावर मी ऋषीला सहज विचारलं, मोठी आई शुगरसाठी काय घेते? तो म्हणाला, सकाळी एक गोळी. सुई नाही का? तर हसला. म्हणाला, मोठी आई सुईले भ्याते थोडीच, पण तिले गरजच नाही.

मग मी ह्यांच्या ऑफिसच्या बॅगेतले कागद काढले. एका डॉक्टरबाईंची चिठ्ठी सापडली. ज्या दवाखान्यात हे गेले त्यातल्या नव्हे, या शुगरच्या डॉक्टर आहेत. गेल्या शुक्रवारी मी एकटी बसने त्यांच्याकडे गेले. त्यांना ह्यांच्या जाण्याचं माहीत नव्हतं. मग त्यांनी मला समोर बसवून समजावून सांगितलं.

त्या म्हणाल्या, मोठ्या वयात होणाऱ्या सगळ्या शुगर सारख्या नसतात. बहुतेकांच्या शरीरात इन्सुलिन तयार होतं, पण ते हवं तसं लागू पडत नाही. त्यांना पथ्य, चालणं, गोळ्या यांचा पुष्कळ उपयोग होतो. तुमची तशी असावी. ह्यांची वेगळी होती. ह्यांच्या शरीराने स्वतःच इन्सुलिन बनवणारा भाग हळूहळू मोडत आणला होता. लहान मुलांना होते तसली ही शुगर, पण मोठेपणी सावकाश येते. म्हणून पहिली काही वर्षं गोळ्यांवर निभतं आणि सगळे फसतात. बारीक माणूस, घरात कोणाला शुगर नाही, पथ्य पाळूनही वजन उतरतं, ही त्याची खूण. रक्ताच्या वेगळ्या तपासणीत ते दिसलं. त्यानंतर इन्सुलिन हे ह्यांना पाण्यासारखं होतं. नाही दिलं तर माणूस राहत नाही. वर ताप किंवा उलट्या झाल्या तर दोन-तीन दिवसही पुरतात.

मी विचारलं, मग माझ्या पथ्याने काय झालं? त्या म्हणाल्या, तुमच्या पथ्याने बिघडलं काही नाही, पण त्याने ती बरी होणारी नव्हती. आणि तुमच्या भाकरीनेही ह्यांचं अंग भरलं नव्हतं, जाऊबाई. ते इन्सुलिनने भरलं. वर्षभर कॉलनीतल्या बायका मला सांगत होत्या, वहिनीच्या हातचं मानवलं बरं साहेबांना. यमुताई तर लग्नाच्या पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाली, तू बी सक्करदऱ्याले जाऊन सैपाक शिकून घे वं. मी हसले. घरी येऊन तांदूळ निवडत बसले. तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं आणि तुम्ही मला परवाच्या पत्रातही ती भाकर वाढली.

डॉक्टरबाईंनी फाईल उघडून दाखवली. त्यात एक रकाना आहे, रुग्णाची काळजी घेणारी व्यक्ती. तिथे ह्यांच्या अक्षरात तुमचं नाव आहे. नातं, वहिनी. वहिनीच रोज पोटात सुई टोचते, असं ह्यांनी डॉक्टरबाईंना सांगितलं होतं. माझं नाव फाईलमध्ये कुठेही नाही. सत्तावीस वर्षं मी ह्यांच्या घरात आहे.

इन्सुलिन माझ्यापासून का लपवलं ते मला माहीत आहे. माझे बाबा भिवापूरला मिरचीच्या बाजारात माप करायचे. शुगरमुळे पायाची जखम चिघळली, दवाखान्यात सुई सुरू केली आणि महिनाभरात ते गेले. आमच्या घरात सगळे म्हणाले, सुई लागली की माणूस संपला. ह्यांना शुगर निघाली तेव्हा मी ऋषीच्या डोक्यावर हात ठेवायला लावून ह्यांच्याकडून वदवून घेतलं, या घरात सुई येणार नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, तुमच्या वडिलांना सुई फार उशिरा मिळाली. सुईमुळे नाही गेले. हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. तुम्ही शिक्षिका होता.

आता मी जे लपवलं ते लिहिते. पहिल्या पत्रात मी डबा पोचता केला असं लिहिलं. तुम्हाला वाटलं असेल, तुमची काळजी केली. तसं नव्हतं. नरकचतुर्दशीला मी फराळाचे डबे लावायला फ्रिज उघडला आणि तो निळा डबा समोर दिसला. मनात आलं, सणाच्या दिवशीही ही बाई माझ्या फ्रिजमध्ये बसली आहे. म्हणून काढून दिला. हे आंघोळ करून आले, फ्रिज उघडून पाहिला आणि विचारलं, वैनीचा डबा कुठे? मी म्हटलं, ज्याचा त्याला पाठवला. ह्यांनी फ्रिजचं दार लावलं. मग म्हणाले, मी जरा सक्करदऱ्याले जाऊन येतो. मी म्हटलं, आजचा दिवस तरी तिकडे जाऊ नका.

हे गेले नाहीत.

लक्ष्मीपूजनाला उलट्या सुरू झाल्या. मी फराळाच्या तेलाला दोष दिला आणि लिंबूपाणी देत राहिले. ह्यांच्या तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास येत होता. डॉक्टरबाईंनी सांगितलं, तीच खूण.

रोज सकाळी माझ्या नवऱ्याच्या पोटाला तुमचा हात लागत होता, आणि मी कोराडीत त्यांचा शर्ट इस्त्री करून देत होते. यावर मला काही म्हणायचं नाही. मला एकच उत्तर हवं आहे. डबा तुमच्या दारात आला तेव्हा तो कोणाचा आहे हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही काय केलं?

ऋषीला मी अजून काही सांगितलेलं नाही.

शामला


सक्करदरा
१५ जानेवारी २०२५

शामला,

पहिलं पत्र लिहिलं तेव्हा वाटलं होतं, तू ऐकून घेशील. तू पहिल्यापासून ऐकून घेत आलीस. तुझं हे पत्र मी चार दिवस उशीखाली ठेवलं.

मनोहर २०२३च्या दसऱ्यानंतर एका सकाळी आला आणि स्वयंपाकघरात पाटावर बसला. पेन काढून माझ्या हातात दिलं. म्हणाला, वैनी, मले जमत नाही, तूच टोच. मी शाळेत लस टोचणाऱ्या बाईंना मदत केली होती, मला भीती नव्हती. त्रेपन्न वर्षांचा माणूस डोळे मिटून बसला. मी म्हटलं, शामलेले सांग, ती टोचत जाईल. तो म्हणाला, "पोराच्या डोक्यावर हात ठिऊन बोललो हाओ, वैनी. त्या घरात सुई नाही घेनार. तू बी सांगू नको."

सुट्टीच्या दिवशी तो फिरायला जायचं म्हणून कॉलनीच्या बागेत जाई आणि बाकावर बसून स्वतःच कसंबसं घेई. घरात कधीच नाही. शब्द पाळला त्याने.

मी तुला सांगू शकत होते. शपथ त्याची होती, माझी नव्हती. तू मागच्या वर्षी संक्रांतीला आली होतीस, तेव्हा पेन ओट्यावरच होतं. मी त्यावर फडकं टाकलं. का टाकलं ते लिहिते, कारण तू विचारलंस आणि आता लपवून काय करायचं. तू सून म्हणून आलीस त्या दिवसापासून मनोहर तुझा झाला. ते व्हायलाच पाहिजे होतं. पण मला मूल नाही. त्याची शाळा, त्याचे ताप, त्याची मुंज मी केली, आणि लग्नानंतर त्याच्याबद्दल काही विचारायचं तर तुला विचारावं लागे. मग पंचवीस वर्षांनी तो एक गोष्ट घेऊन माझ्याकडे आला, जी तुझ्याकडे नव्हती. मला ते गोड लागलं, शामला. तुझ्या कॉलनीतल्या बायका काय म्हणतात ते तो मला हसत सांगायचा आणि मी त्याला आणखी एक भाकर वाढायची.

आता डब्याचं. ऋषी आला, दारातच डबा दिला आणि म्हणाला, आईनं पाठवला, म्हणाली ज्याचा त्याले दे. मला वाटलं तुला सगळं कळलं. तू मनोहरशी भांडून त्याच्या औषधासकट मला घरातून बाहेर काढलंस आणि पोराच्या हाताने निरोप धाडलास. मी ऋषीला चहाही विचारला नाही. डबा फ्रिजमध्ये ठेवला आणि म्हटलं, बघू, येईलच मनोहर. त्याला यावंच लागेल.

मनाला समजावलं की आता घरात उघड झालंय तर त्याने दुसरं आणलं असेल. पण एकच जोडी आणली होती, तीही मीच त्याच्याबरोबर जाऊन. मला माहीत होतं. पहिल्या दिवशी मी वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी रुसून बसले. पाडव्याला तो दरवर्षी माझ्या पाया पडायला येतो, म्हणून सकाळपासून नवं पातळ नेसून बसले, की आला म्हणजे आधी चार शब्द सुनावीन आणि मग टोचीन. संध्याकाळी नूपुर मोबाईल घेऊन आली. ऋषीचा निरोप होता, बाबाला भरती केलं.

हे मी केलं. दुसरं काही नाही.

ऋषीला सांगायचं असेल तर ते मला सांगू दे. मी म्हणेन की तुझ्या आईला काही माहीत नव्हतं, डबा माझ्याकडे आला आणि मी परत नेला नाही. सगळं माझ्यावर येऊ दे. तो तुझ्याजवळ राहील.

पुष्पलता


कोराडी
११ फेब्रुवारी २०२५

ती. जाऊबाईंस,
सा. न.

उत्तराला उशीर झाला. तुमचं पत्र मिळालं, त्यानंतर लगेचच्या रविवारी मी ऋषीला सांगितलं. तुम्ही सांगू नये म्हणून सांगितलं. हे मोकळेपणाने लिहिते. तुम्ही सगळं स्वतःवर घेणार, मग तो तुमच्यावर रागावणार, मग तुम्हाला माफ करणार, आणि या सगळ्यात मी कुठे असणार? ही गोष्ट तरी मला माझ्या मुलाशी बोलायची होती.

तो गाडीची किल्ली घेऊन तुमच्याकडेच निघाला होता. मी त्याला बसवलं आणि तुमची दोन्ही पत्रं त्याच्यासमोर ठेवली. माझीही कच्ची प्रत ठेवली. त्याने सगळं वाचलं. मग म्हणाला, "म्हणजे मीच नेला." मी म्हटलं, मी दिला म्हणून नेलास. तो खाली जाऊन गाडी पुसत राहिला. गाडी स्वच्छच होती.

त्या रविवारी तो तुमच्याकडे आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण तुम्ही तुमचं लिहिलंत म्हणून लिहिते. दोन रविवार मी मुद्दाम साग्रसंगीत स्वयंपाक केला. वाटलं, आता हा इथे जेवेल. तो ताटावर बसायचा आणि अर्ध्यात उठायचा. मग कंपनीच्या कॅन्टीनमध्येच जेवून येऊ लागला. तुमच्याकडे नाही आणि माझ्याकडेही नाही.

तिसऱ्या रविवारी मी त्याला म्हटलं, मोठ्या आईकडे जाऊन ये, ती वाट पाहत असेल. एवढं म्हणायला मला सकाळपासून वेळ लागला. तेव्हा तो बोलला. म्हणाला, "तुम्ही दोघी बाबासाठी एकमेकीले जळत राहिल्या, अन् बाबा तिकडे बागेत बाकावर बसून सुई घेऊन राहिले होते. मी रोज त्या बागेतून बसस्टॉपले जातो, आई. मले तरी सांगाचं होतं त्यायनं. काहून नाही सांगितलं?" ज्या पोराच्या डोक्यावर हात ठेवायला लावला, त्यालाच ह्यांनी कसं सांगावं, हे मी त्याला म्हणू शकले नाही. तो रडला. अंत्यविधीला रडला नव्हता.

डॉक्टरबाईंनी त्याची रक्ततपासणी करायला सांगितली होती. मी बरोबर गेले. त्याची साखर ठीक आहे, तीन महिन्यांची सरासरीही ठीक आहे. वडिलांना होती म्हणून मुलाला होईलच असं नाही, पण वजन उतरलं, तहान वाढली तर लगेच यायचं, आणि वर्षातून एकदा तपासायचं. त्याच्याही नावाने फाईल केली. काळजी घेणाऱ्या व्यक्तीच्या रकान्यात त्याने काही लिहिलं नाही. पेन हातात धरून बसला आणि तसाच कागद परत दिला.

पुढच्या रविवारी तो तुमच्याकडे येणार आहे. मी पाठवत नाही, त्याचं त्यानेच ठरवलं आहे. तुमच्याशी काय बोलेल ते मला माहीत नाही. तो परत आल्यावर मी विचारणार नाही. मी स्वतः मात्र इतक्यात येणार नाही. तुमच्या स्वयंपाकघरात तो पाट आहे आणि मला तो पाहवणार नाही. तुम्ही दोन दिवस रुसून बसलात हे मी विसरणार नाही, आणि मी डबा का काढून दिला हे तुम्ही विसरू नका.

एक काम मात्र तुम्हाला करायचं आहे. हे घरी फार बोलत नसत. मीही बोलत नाही. जेवायला वाढ, दिवा लाव, बस चुकली, एवढ्यात आमची सत्तावीस वर्षं गेली. तुमच्याकडे वर्षभर रोज अर्धा तास बसत होते. पाटावर बसल्यावर काय बोलत, सुई लागल्यावर काय म्हणत, हसत कशाला, माझं नाव घेत तेव्हा काय म्हणत, हे सगळं मला लिहून कळवा. चांगलं असो की वाईट. माझ्याबद्दल तक्रार केली असेल तर तीही, त्यांच्याच शब्दांत. गाळू नका आणि भर घालू नका.

एका पत्रात मावणार नाही. सवडीने लिहा, मी वाट पाहीन.

शामला